चौदा वेळा

शहादा,
रविवार, उपासनेनंतर

चि. पोरीस,

तू दोन दिवस राहून गेलीस. दूध उतू गेलं, तेव्हा गॅस बंद करायच्या आधी तुझ्या तोंडून निघालं, "मी कुठल्याच कामाची नाही." किल्ली सापडेना, तर "बावळट कुठली!" शिक्षक पात्रतेची टीईटी चार गुणांनी हुकली, त्याचा विषय निघाल्यावर तर विचारायलाच नको. मास्तरकी सुटली तरी माझी मोजायची सवय सुटलेली नाही. दोन दिवसांत चौदा वेळा तू स्वतःला नावं ठेवलीस.

मी टोकलं तर म्हणालीस, "आत्या, देवापुढे नम्र नको का राहायला?" तेव्हा पोळ्या चालल्या होत्या, उत्तर राहून गेलं. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा, असं प्रभू सांगतो. तू स्वतःशी वागतेस तशी शेजाऱ्यांशी वागलीस, तर आपली गल्ली महिन्याभरात रिकामी होईल!

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. तोरणमाळच्या पायथ्याला नोकरीवर होते तेव्हाची. पहिलीतला एक पावरा मुलगा काही केल्या उत्तर देईना. मला वाटलं, मुद्दाम करतोय. एक थप्पड दिली. दुपारी कळलं, घरी सगळे पावरी बोलतात. त्याला माझा प्रश्नच समजला नव्हता. त्यानंतर दोन वर्षं मी रोज रात्री स्वतःला शिव्या देत होते, की तू कसली मास्तरीण! त्या शिव्यांचा त्या पोराला काय उपयोग झाला? काही नाही. शेवटी एका बाजाराच्या दिवशी त्याच्या आईला गाठून हात जोडले. ती हसली, मुलाला पुढे ढकललं. त्याच आठवड्यापासून मी वर्गातल्या पोरांकडून पावरी शब्द शिकायला लागले. माझे उच्चार ऐकून सगळी लोळायची.

तेव्हापासून मी एक पाहते. दोषाला पत्ता असेल, तर तिथे जाऊन माफी मागायची. पापाची कबुली देवापुढे द्यायची आणि उठायचं. पण "मी कुठल्याच कामाची नाही" याला पत्ता कुठला? ही माफी कोणाकडे मागणार आहेस? उतू गेलेलं दूध फडक्याने पुसतात, झालं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण घे. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. संस्कृतच्या पंडिता, एवढी विद्वान बाई! तरी पुढे १९०७ मध्ये आपली साक्ष लिहिताना त्या कबूल करतात की, ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं गेली, तेव्हा त्यांना उमगलं की क्षमा लायकी मिळवून घ्यायची नसते, ती फुकट असते. रमाबाईंना आठ वर्षं लागली, तर तुला दोन दिवसांत कळावं असा माझा हट्ट नाही. आणि हे कळल्यावर त्या स्वस्थ बसल्या असंही नाही. केडगावला त्यांनी उभारलेलं मुक्ती सदन त्यानंतरचं. फुकट क्षमा मिळाली की माणूस आळशी होतो, ही भीती तू काढून टाक. माझ्या पाहण्यात तरी आळशी होतो तो घाबरलेला माणूस.

एलीया संदेष्टा मला सगळ्यात जवळचा वाटतो. एवढा मोठा माणूस थकून झुडपाखाली पडला आणि देवाला म्हणाला, पुरे झालं, आता मरण दे. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवलं. तो खाऊन परत झोपला, तर दुसऱ्यांदा उठवून परत खाऊ घातलं. पुढच्या कामाचं बोलणं त्यानंतर. आणि तू? रात्री दोनपर्यंत जागतेस, सकाळी चहा-बिस्किटावर क्लासला पळतेस आणि दुपारी विचारतेस, माझा विश्वास कमी पडतोय का? अगं, तुझी भाकरी कमी पडतेय.

आता "मी कुठल्याच कामाची नाही" हे शब्द तोंडात आले की ते आपल्या कस्तुराआजीला म्हणून बघ. मनातल्या मनात, "आजी, तू कुठल्याच कामाची नाहीस." जीभ अडखळेल. जिथे अडखळेल तिथेच थांब आणि जे खरं घडलं तेवढंच म्हण, "दूध उतू गेलं. चार गुण कमी पडले." सुरुवातीला खोटं खोटं वाटेल, वाटू दे.

आणि एक, हे हसण्यावारी नेऊ नकोस. झोपच येईनाशी झाली, जगणंच नको वाटायला लागलं, तर पाळकसाहेबांशी बोल, मला रात्री-अपरात्री फोन कर, आणि डॉक्टरकडेही जायचं. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, तो मोबाइलमध्ये घालून ठेव. ताप आला की गोळी घेतोच ना आपण? त्याने प्रार्थना कमी होत नाही.

शनिवारी नंदुरबारहून दुपारची एसटी धर. प्रकाशाच्या पुलावर आलीस की फोन कर, मी कळण्याच्या भाकरी टाकायला घेते. येताना पावशेर सुकी मिरची आण. मागच्या वेळी विसरली होतीस. विसरलीस तर विसरलीस, इथल्या दुकानात मिळते.

तुझी,
आत्या