डेड किलोमीटर

२०१९ च्या जूनमध्ये बाबा तीन महिन्यांसाठी माझ्याकडे श्टुटगार्टला आले होते. एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं त्यांनी डिझेल इंजिनं उघडली आणि बसवली. आणि नेमक्या त्याच आठवड्यात मी एक जुनी डिझेल स्टेशन वॅगन बघून ठेवली होती. २०१२ ची. मागची सीट पाडली की मुलीचा चेलो, धाकट्याची सायकल आणि तंबू असं सगळं आडवं मावत होतं.

"एवढी स्वस्त का?" किंमत ऐकून बाबांनी पहिलं हेच विचारलं.

"इथे डिझेल कुणाला नकोय म्हणून. गेल्या वर्षी फेब्रुवारीत लाइपझिगच्या कोर्टाने सांगितलं की हवा बिघडली असेल तर शहरांना डिझेलबंदी करता येईल. या १ जानेवारीपासून श्टुटगार्टमध्ये युरो ४ आणि त्याहून जुन्या प्रदूषण मानकांच्या डिझेल गाड्या बंद झाल्या. ही युरो ५ आहे. आज चालते, पुढचं सांगता येत नाही."

आम्ही गाडी बघायला गेलो. विकणाऱ्या गृहस्थांना बाबांनी खुणेनेच सांगितलं, इंजिन गार असू दे. मग स्वतः मागे जाऊन उकिडवे बसले आणि गाडी सुरू होताना फक्त धुराकडे बघत राहिले. काळा मारला की नोझल किंवा पंप, निळा मारला की ऑइल खातेय, रिंगा गेल्या. हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. इथे पहिले काही क्षण किंचित पांढरं दिसलं आणि मग काहीच नाही. इंजिन बंद केल्यावर त्यांनी सायलेन्सरच्या तोंडात तर्जनी घालून गोल फिरवली. बाहेर काढली तर कोरडी आणि स्वच्छ. रुमालावर घासून पाहिली, रुमालही पांढराच.

"सात वर्षांची गाडी आणि पाइपात काजळी नाही," ते म्हणाले. आवाजात आदर होता.

घरी आल्यावर मी म्हटलं, "बाबा, काजळी फिल्टरमध्ये अडकते. जे बाहेर येतं ते दिसत नाही."

"काय येतं?"

"डिझेलला स्पार्क प्लग लागत नाही, नुसत्या दाबाने हवा इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. त्या उष्णतेत हवेतला नायट्रोजनही ऑक्सिजनशी जोडला जातो. त्याचे वायू होतात. छातीला वाईट."

"म्हणजे ज्या दाबामुळे अ‍ॅव्हरेज मिळतं, त्याच दाबामुळे हेही होतं."

"हो. आणि २०१५ च्या सप्टेंबरात कळलं की फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत असं सॉफ्टवेअर घातलं होतं, की गाडी रोलरवर तपासायला लावली आहे हे तिला कळायचं. तेवढ्यापुरती ती हे वायू आवरायची. रस्त्यावर आली की सोडायची."

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग आपल्या बोटाकडे बघत म्हणाले, "आम्ही जन्मभर दिसणाऱ्या धुराचा निवाडा केला."

मी माझी बाजू मांडली. गाडी तर आधीच बनलेली आहे. नवी घेतली तर तिच्यासाठी नवं लोखंड, नवं प्लास्टिक. एवढ्याच आकाराची पेट्रोल गाडी जास्त इंधन पिणार, म्हणजे कार्बन डायऑक्साइड जास्त. चालू वस्तू टाकायची नाही हे आपल्या घरातलंच वळण. आणि मी नाही घेतली तर दुसरं कुणीतरी घेणारच. इथल्या जुन्या डिझेल गाड्या पूर्व युरोपात जातात, तिथे धूर ओकतात.

"दुसरं कुणीतरी घेणारच, हे वाक्य सोडून बाकीचं ठीक आहे," बाबा म्हणाले.

"ते खोटं आहे का?"

"खरं आहे. म्हणून तर त्याची भीती वाटते. एका रविवारी एक ट्रकवाला घरी आला होता. पंपाचं सील तोडून डिझेल वाढवून द्या, घाटात ओढत नाही, म्हणाला. मी नाही म्हटलं. तुम्ही नाही केलंत तर समोरचा करेल, म्हणाला."

"मग?"

"समोरच्याने केलं."

"म्हणजे घाटात धूर तेवढाच निघाला."

"तेवढाच."

"मग तुमच्या नकाराने काय झालं? आपले हात स्वच्छ राहिले, एवढंच ना?"

मला वाटलं ते दुखावतील. पण त्यांनी प्रश्न घोळवला. "धुराला फरक पडला नाही, खरंय. पण दुसरा करेल हे धरून चाललो असतो, तर पुढच्या रविवारी माझ्याकडे नाही म्हणायला काही उरलंच नसतं. ते वाक्य प्रत्येक कामाला लागू पडतं गं."

इथे मला काय वाटतं ते सांगते. पेट्रोल की डिझेल या वादात आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच तागडीत टाकतो. कार्बन डायऑक्साइड साऱ्या जगात थोडाथोडा वाटला जातो. नायट्रोजन डायऑक्साइड जिथे सोडला तिथेच जास्त साचतो, आणि श्टुटगार्ट तर डोंगरांच्या वाटीत वसलेलं. वारा लागत नाही. आमच्या घरापासून जवळच नेकारटोर नावाचा चौक आहे. तिथल्या मोजणी यंत्रावर २०१८ ची वार्षिक सरासरी एका घनमीटरला ७१ मायक्रोग्रॅम होती. मर्यादा ४०. त्या यंत्रापलीकडे खिडक्या आहेत, खिडक्यांमागे माणसं राहतात. तिथली भाडी कमी, म्हणून राहतात. मी लिटरमागे वाचवणार आणि त्यांच्या खिडकीशी सोडून जाणार, हे मला जगाच्या हिशोबात बसवता येईना. जगाचं देणं खरं आहे, पण ते या घरांवर टाकून फेडता येत नाही.

बाबांना मात्र तत्त्वापेक्षा वापर कळतो. त्यांनी वही मागितली. "गाडी रोज कुठे जाते ते सांग."

शाळा चार किलोमीटर. चेलोचा क्लास सहा. शनिवारी बाजार तीन. ऑफिसला मी ट्रेनने जाते. लांबचा प्रवास वर्षातून सात-आठ वेळा. बाबांनी सगळं एकाखाली एक लिहिलं आणि पेन थांबवलं. "फिल्टरमध्ये अडकलेली काजळी जळायला काय लागतं?"

"सहाशे अंशांच्या आसपास उष्णता. हायवेला सलग चालली की होतं. गावातल्या गावात फिरली तर फिल्टर भरत जातो."

"मग तू काय करणार?"

"अधूनमधून ऑटोबानवर अर्धा तास पळवून आणायची. सगळे करतात."

"कुणाला घेऊन?"

"कुणालाच नाही."

"रिकामी एसटी डेपोकडे परत आणायची झाली की त्याला आम्ही डेड किलोमीटर म्हणायचो," बाबा म्हणाले. "ते चुकत नाहीत. पण ते कमी करायला वेळापत्रकवाले रात्री जागायचे. धूर आमच्या गाड्याही काढायच्या, मी नाकारत नाही. आत पन्नास माणसं असायची. तू तर डेड किलोमीटर विकत घेतेयस."

कराचाही हिशोब केला. इथे डिझेलवर इंधनकर कमी, पण गाडीचा वार्षिक कर दर १०० सीसीला ९ युरो ५० सेंट. पेट्रोलला २ युरो. दोन हजार सीसीला वर्षाला १५० युरोंचा फरक. जास्त पळणाऱ्यालाच डिझेल परवडतं. मी पळतच नव्हते. मला हवी होती ती दर रविवारी तंबू घेऊन डोंगरात जाणाऱ्या बाईची गाडी, आणि ती बाई होण्याची मला फार इच्छा होती. हे बाबांना सांगताना घसा दाटला. ते म्हणाले, "तंबू ट्रेनमध्ये चढतो का?"

संध्याकाळी मी फोन करून नको म्हणून कळवलं. गृहस्थ शांतपणे म्हणाले, काही हरकत नाही, शनिवारी एक जण लांबून येतोय, रोख देणार आहे.

बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. "कुठे नेणार तो?"

"विचारलं नाही."

"परत लाव फोन. फिल्टरचं त्याला सांगा म्हणावं, लांब पळवायला लागते. आणि एखादं नोझल गळतंय. गार असताना पांढरा मारते, मी पाहिलंय."