दारूच्या दारात

माझ्या मामांनी जन्मात दारूच्या थेंबाला स्पर्श केला नाही. आणि तरीसुद्धा दारूच्या दारातून परत पाठवलेले आमच्या घराण्यातले ते एकमेव गृहस्थ. बाकीचे आम्ही सगळे सन्मानाने आत गेलो आणि यथावकाश, जमेल तसे, बाहेर आलो.

गोष्ट 1982 सालची. मामा डोळे तपासायला बार्शीहून मुंबईला आमच्याकडे उतरले होते. त्याच आठवड्यात मला बढती मिळाली आणि साहेबांनी एका जुन्या क्लबात जेवायला बोलावलं. "घरी पाहुणे आहेत," असं मी अंग काढून घेण्यासाठी म्हटलं, तर साहेब म्हणाले, "त्यांनाही आणा की!" साहेबांच्या डोळ्यांपुढे कोणते पाहुणे होते देव जाणे. माझ्या घरी होते ते असे : परीटघडीचं धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, गळ्यात तुळशीची माळ आणि पायांत करकर वाजणाऱ्या वहाणा.

क्लबाच्या दारात एक भव्य पुरुष उभा होता. डोक्याला तुरेदार फेटा, अंगात सोनेरी बटणांची शेरवानी, कमरेला लाल पट्टा. एखाद्या संस्थानचा दिवाणच! मामांना वाटलं, हेच आपल्या भाच्याचे साहेब. त्यांनी टोपी सावरून वाकून नमस्कार केला. दरवान गडबडला. त्या दारात त्याला नमस्कार करणारा हा बहुधा पहिलाच माणूस असावा.

तेवढ्यात आतून टाय लावलेला एक तरुण आला. त्याने मामांना वरपासून न्याहाळायला सुरुवात केली. कोटापर्यंत सारं ठीक चाललं होतं. कमरेखाली घोटाळा झाला.

"सॉरी, धोतर चालत नाही. आणि चपलांना मागे पट्टा लागतो."

"का हो? पळून जातात का चपला?" मामांनी खऱ्या कुतूहलाने विचारलं.

"नियम आहे. हवा तर टाय देतो, आमच्याकडे उसना असतो."

"बांधू कुठं? धोतराला?"

आता यापुढे मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. 'हे माझे मामा आहेत, हे आत येत नसतील तर मीही येत नाही,' असं काहीतरी बाणेदार वाक्य बोलायला ती जागा उत्तम होती. मी हलक्या आवाजात म्हणालो, "मामा, टॅक्सीने पटकन घरी जाऊन माझी पँट चढवून येऊ या का?"

मामा नुसते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

निघताना त्यांनी दरवानाला विचारलं, "फेटा झकास बांधलाय. तुमच्या गावचा का?"

"नाही बाबा, क्लबाचा आहे," तो म्हणाला. "ड्यूटी संपली की इथंच ठेवून जायचा."

साहेबांना निरोप ठेवला की मामांना बरं वाटत नाही. वास्तविक बरं वाटत नव्हतं ते मला. मग आम्ही एका उडप्याकडे मसाला डोसा खाल्ला. तिथे गल्ल्यावर खुद्द मालकच पांढरीशुभ्र लुंगी नेसून बसले होते. मी क्लबाला शिव्या द्यायला लागलो (आता धीर आला होता), तर मामा म्हणाले, "अरे, मी आत आलो असतो, तुमच्या पंगतीला बसलो असतो, लिंबाचं सरबत प्यालो असतो. ही माळ मी घातलीय, ती मला बांधते. दुसऱ्याचा पेला हिसकावायला नाही घातली. त्यांचा टाय त्यांनी खुशाल बांधावा, पण तो माझ्या गळ्यात का?"

पुढे वर्तमानपत्रांतून कळत गेलं की मामांच्या पंगतीला मोठीमोठी मंडळी आहेत. 1988 साली चित्रकार हुसेन अनवाणी होते म्हणून मुंबईच्या विलिंग्डन क्लबाने त्यांना आत घेतलं नाही. गंमत अशी की, गव्हर्नर विलिंग्डनसाहेबांच्या हिंदी पाहुण्यांना दुसऱ्या एका क्लबाने दार बंद केलं, म्हणून त्यांनी हा क्लब काढला असं सांगतात! अनवाणी माणसाला देवळात मज्जाव नाही; क्लबाचा देव जास्त सोवळ्यातला. 2014 साली चेन्नईच्या एका क्रिकेट क्लबाने तर पुस्तक-प्रकाशनाला आलेल्या हायकोर्टाच्या विद्यमान न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसल्याबद्दल परत पाठवलं. धोतराला दाद मिळायला अखेर न्यायमूर्तींनीच ते नेसावं लागलं : त्याच वर्षी तमिळनाडूने कायदा करून अशी बंदी घालणाऱ्या क्लबांचं लायसन रद्द करण्याची सोय केली. तिथून थोडं खाली तिरुवनंतपुरमला पद्मनाभस्वामींच्या देवळात जा, तर तिथे पुरुषांना धोतराशिवाय आत सोडत नाहीत. धोतर तेच, फक्त दार बदललं.

2017 साली दिल्लीच्या एका गोल्फ क्लबात खासी पोशाखातल्या बाईंना मोलकरणीसारख्या दिसता म्हणून उठवलं, तेव्हा मला तो दरवान आठवला. फेटा चालतो, शेरवानी चालते. दार उघडायला सगळं चालतं. त्याच पोशाखात आत जाऊन खुर्चीवर बसायचं म्हटलं की नियम आडवा येतो.

इथे लेख संपवला असता तर मी किती उदार गृहस्थ ठरलो असतो! पण 1990च्या सुमारास आम्ही चार मित्र एका तालुक्याच्या गावी परमिट रूममध्ये बसलो होतो. खिशात परवाने होते. 1949च्या दारूबंदी कायद्याने परवाना मिळतो तो प्रकृतीच्या रक्षणासाठी, तेव्हा आम्ही प्रकृती रक्षत होतो. इतक्यात एक माळकरी म्हातारबाबा आत येऊन कोपऱ्यातल्या बाकावर टेकले. पांढरी टोपी, कपाळाला बुक्का, गळ्यात माळ. माझा पेला हातातच राहिला. वेटरला बोलावून मी म्हणालो, "अरे, माळ घालून इथं बसतात का? त्यांना बाहेर बसायला सांग. बरं दिसत नाही."

बाबा निमूटपणे उठून बाहेर गेले. थोड्या वेळाने त्यांच्या मुलाला दोघांनी धरून बाहेर आणलं. त्याला घरी न्यायला आले होते ते. बाहेर पाऊस होता.

मला वाटलं होतं, मी माळेचा मान राखला. खरं म्हणजे ती माळ समोर असली की मला घोट उतरत नव्हता. क्लबाला धोतर आपल्यापेक्षा खालचं वाटलं, मला माळ आपल्यापेक्षा वरची वाटली. दोन्ही वेळा म्हातारा माणूस मात्र दाराबाहेर. माळ त्यांची त्यांनी सांभाळली असती. माझी लाज मला सांभाळता आली नाही, म्हणून मी ती त्यांच्या गळ्यात घातली.

मामा आता नाहीत. हल्ली हॉटेलच्या दारात कुणी फेटेवाला दिसला की मी थांबून त्याला आधी नमस्कार करतो. तो गडबडतो. आमची ही माझी बाही ओढत म्हणते, "अहो, अजून आत गेलाही नाहीत, आणि एवढ्यातच?"