बयाण्याचा हिशेब

अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधलं चिखलोली कालपर्यंत धरणामुळे ठाऊक होतं. आता नव्या रेल्वे स्थानकामुळे ते सगळ्यांच्या तोंडी आहे. स्थानकाची चाहूल लागली की इमारती उठू लागतात. घर घेणारा माणूस कार्पेट एरिया विचारतो, पार्किंग विचारतो, पाण्याचं विचारतो. वीट कुणी थापली, हे मात्र कुणी विचारत नाही.

ठाणे, पालघर, रायगडच्या वीटभट्ट्यांवर ती अनेकदा कातकरी कुटुंबं थापतात. खैरापासून कात काढणारी ही जमात. जंगल हातचं गेलं आणि मजुरी तेवढी उरली. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, आजारपण किंवा लग्न निघतं, तेव्हा भट्टीवाला बयाणा देतो. दिवाळीनंतर जोडपं पोराबाळांसह भट्टीवर येतं. तो माती मळतो, ती साच्यातून वीट पाडते, पोरं वाळत घातलेल्या विटा उलटतात. मजुरी हजार विटांमागे ठरलेली, पण हातात पडते ती आठवड्याची खर्ची. बाकी सगळं वहीत. वही मालकाची, अक्षर मालकाचं, अंगठा मजुराचा. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो आणि जिथे नियत खोटी असते तिथे अंगावर बाकी निघतेच. मग पुढच्या हंगामात पुन्हा तीच भट्टी.

‘ते आपखुशीने येतात’ असं यावर सांगितलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये, एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात, या युक्तिवादाला उत्तर दिलं आहे. भुकेपोटी किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबावं लागणं हीही सक्तीच, आणि संविधानाच्या कलम 23 ने ती निषिद्ध ठरवली आहे.

या मातीला हा प्रश्न नवा नाही. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी वारली तरुण जमीनदाराकडे वर्षानुवर्षं राबत; त्यांना लग्नगडी म्हणत. जानेवारी 1945 मध्ये कल्याणजवळच्या टिटवाळ्यात किसान सभेची परिषद भरली आणि त्याच वर्षी गोदावरी व शामराव परुळेकरांच्या साथीने वारल्यांनी वेठ झुगारली. पुढे 1980 च्या दशकात विवेक पंडित आणि श्रमजीवी संघटनेने वसई-भिवंडीच्या पट्ट्यात वेठबिगारांच्या मुक्ततेचा लढा दिला.

तरीही सप्टेंबर 2022 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातून बातमी आली: काही हजार रुपये आणि एखादी मेंढी देऊन कातकरी मुलं मेंढपाळांकडे कामाला नेलेली. त्यातली दहा वर्षांची एक मुलगी दगावली, तेव्हा कुठे प्रकरण उजेडात आलं.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगभरात 2 कोटी 76 लाख माणसं सक्तीच्या श्रमात अडकली होती. एवढ्या मोठ्या आकड्यापुढे माणूस हात टेकतो. पण भट्टीवरच्या एका कुटुंबासाठी करण्यासारखं बरंच आहे. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असं कर्ज रद्दच केलं आहे. कर्ज वेठबिगारीचं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर टाकली आहे. जिल्हाधिकाऱ्यांना अधिकार दिले आहेत, जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या नेमायला सांगितल्या आहेत. या समित्यांनी हंगाम संपण्याआधी भट्ट्यांवर जाऊन वह्या तपासाव्यात. चिखलोलीत घर बघायला येणाऱ्यानेही विटा कुठल्या भट्टीच्या, तिथे मजुरी हातात मिळते का आणि पोरं शाळेत जातात का, हे बिल्डरला विचारावं. दहा ग्राहकांनी विचारलं तर त्याला भट्टीवाल्याकडे चौकशी करावी लागेल.