उसन्या राक्षसाचा न्याय

दुसऱ्याच्या गोष्टीतले पात्र उचलून आपल्या गोष्टीत आणले, तर त्या पात्राचे आपण काही देणे लागतो का? प्रश्न वरवर पोरकट वाटेल. पात्र कागदावरचे, त्याला कसला हक्क आणि कसली अब्रू? पण पात्राबरोबर एक निवाडाही उचलला जातो. दोषी कोण, निर्दोष कोण, कोणाला बोलू द्यायचे आणि कोणाला मुके ठेवायचे, हे पहिल्या लेखकाने ठरवलेले असते. नवा लेखक तो निवाडा कायम करतो किंवा फिरवतो. म्हणून आम्हाला हा प्रश्न नैतिक वाटतो.

एक उदाहरण घेऊ. अमेरिकेत 1974 साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ निघाला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली एकेक भूमिका घेतात आणि अवघड प्रसंगी काय घडेल ते फासे टाकून ठरते. 1983 साली ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याने या खेळासाठी 'रेव्हनलॉफ्ट' ही भयकथा रचली. 1990 मध्ये तिचे एक अख्खे जग झाले. धुक्याने वेढलेले छोटे छोटे मुलूख आणि प्रत्येक मुलखाचा एक पापी सरदार. तिथे सत्ता त्याची, पण तिथला कैदीही तोच. ज्या गोष्टीसाठी त्याने पाप केले, नेमकी तीच त्याच्या हाती लागत नाही. या सरदारांपैकी बरेच आपल्या ओळखीचे आहेत. ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस, डॉ. जेकिल, डॉ. मोरो यांची ती नावे बदललेली रूपे.

ड्रॅक्युलाचेच पाहा. ब्रॅम स्टोकरची 1897 ची कादंबरी रोजनिशा, पत्रे आणि तारा यांतून उलगडते आणि रोजनिशा लिहिणारे सगळे ड्रॅक्युलाच्या विरोधातले. आरोपी एक आणि साक्षीदार सारे फिर्यादीच्या बाजूचे! खेळातला त्याचा अवतार म्हणजे स्ट्राड. त्याचे मन धाकट्या भावाच्या वाग्दत्त वधूवर जाते. लग्नाच्या दिवशी तो भावाचा खून करतो आणि ती मुलगी किल्ल्याच्या तटावरून स्वतःला झोकून देते. पुढे ती पुन्हा पुन्हा जन्म घेते आणि दर वेळी त्याच्या हातून निसटते. इथे पापाला कारण मिळाले, पण कारण मिळाले म्हणून माफी मिळाली नाही. हे आम्हाला योग्य वाटते. समजून घेणे वेगळे आणि सोडून देणे वेगळे.

फ्रँकेन्स्टाइनच्या बाबतीत मामला जास्त अवघड आहे. मेरी शेलीची कादंबरी 1818 साली आली, तेव्हा ती वीस वर्षांची होती. तिने राक्षसाला नाव दिले नाही, पण भाषा दिली. आपल्याला जन्म देऊन निर्माता पळून गेला, ही तक्रार तो पानेच्या पाने मांडतो. त्याच वेळी त्याच्या हातांना एका कोवळ्या मुलाचे रक्त लागलेले आहे. कादंबरी दोन्ही पारडी समोर ठेवते. खेळाला तसे करता येत नाही, कारण सहसा मुलखाचा सरदार एकच. 1990 मध्ये ते पद 'ॲडम' नावाच्या राक्षसाला मिळाले. 2021 च्या नव्या पुस्तकात सरदार झाली ती व्हिक्ट्रा मॉर्डेनहाइम ही निर्माती. तीस वर्षांत निवाडा उलटला. घडलेल्याकडचा दोष घडवणाऱ्याकडे आला. पोरगा बिघडला की मोहल्ल्यात हाच वाद होत नाही का? आमचे मत शेलीच्या बाजूचे आहे. निर्मात्याची जबाबदारी मोठी आहे, पण तिच्या आड खुन्याला लपता येत नाही.

या कादंबरीतले एक पात्र मात्र रूपांतरे करणारे सहसा गाळतात. तिचे नाव साफी. तिचे वडील पॅरिसमधले तुर्की मुसलमान व्यापारी. त्यांना मृत्युदंड होतो, आणि त्याचे खरे कारण गुन्हा नसून त्यांचा धर्म व संपत्ती हे होते, असे कादंबरीच सांगते. साफीला फेलिक्स भाषा शिकवतो आणि भिंतीच्या फटीतून ऐकत राक्षसही बोलायला शिकतो. म्हणजे राक्षसाची वाचा एका मुसलमान बापाच्या लेकीच्या धड्यांतून आली! पण हाच बाप पुढे कृतघ्न आणि दगाबाज निघतो. अन्याय ओळखणाऱ्या लेखिकेची लेखणीही तिथे जुन्या साच्यात घसरली.

पात्र उचलताना साचाही असा नकळत उचलला जातो. स्टोकरच्या कादंबरीत ड्रॅक्युलाची चाकरी जिप्सी करतात. खेळातल्या स्ट्राडच्या आसपास तसेच 'व्हिस्टानी' आले. भटके, ठक, दारुडे, सरदाराचे हेर. रोमा लोक युरोपात खरोखर राहतात आणि नाझींनी त्यांच्या कत्तली केल्या. 2020 मध्ये प्रकाशकांनी हा दोष जाहीरपणे मान्य केला आणि मजकूर सुधारायला घेतला.

आमचे लक्ष तिथे थांबण्याचे कारण उघड आहे. विल्यम बेकफर्डच्या 'वाथेक' या भयकादंबरीचे इंग्रजी भाषांतर 1786 साली आले. तिचा नायक म्हणजे अब्बासी खलिफा अल-वासिक. त्याने 842 ते 847 या काळात राज्य केले. कुरआन निर्मित की अनादी, या वादात त्याच्या राजवटीत आलिमांचा छळ झाला. हा त्याचा खरा दोष. कादंबरीतला खलिफा मात्र सैतानी ताकदीसाठी पन्नास मुलांचा बळी देतो. खरे पाप हाताशी असताना खोटे चिकटवले गेले.

मराठी ऐतिहासिक कादंबरीतल्या आणि पडद्यावरच्या खानाला आम्ही लहानपणापासून ओळखतो. डोळे लाल, हसणे गडगडाटी. शिवाजी महाराजांच्या आरमारातला दौलतखान आणि त्यांचा पारशीनवीस काझी हैदर त्या गर्दीत क्वचितच दिसतात. अफझलखानाचा दोष सांगू नये, असे आमचे म्हणणे नाही. तो त्याच्यापुरता सांगावा, साऱ्या जमातीच्या चेहऱ्यावर फासू नये.

पण तक्रार मांडून मोकळे होणे सोपे आहे. हजरत हमजा हे पैगंबरांचे चुलते, उहुदच्या लढाईत शहीद झालेले. आमच्या दास्तानगोंनी त्यांना तिलिस्माच्या जगात नेले. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने त्या दास्तानीचे 46 खंड काढले. त्यांत हमजांचे वैरी म्हणजे जादूगार आणि मूर्तिपूजक. त्यांच्यासमोर दोनच वाटा, कलमा पढा नाहीतर मरा. तेव्हा आम्ही खूश होऊन ऐकत होतो. त्या जादूगाराच्या जागी आपला शेजारी बसला असेल, तर त्याला काय वाटेल, हे कधी मनात आले नाही.

रेव्हनलॉफ्टचा सरदार आपले पाप कबूल करत नाही. तो सदैव दुसऱ्याला दोष देतो आणि म्हणूनच कैदेत राहतो. तौबाचे दार अखेरच्या घटकेपर्यंत उघडे असते, असे ऐकत आम्ही वाढलो. कागदावरच्या राक्षसाला ते दार गाठता येत नाही, पण त्याला लिहिणाऱ्याला येते. ते एका खेळाच्या प्रकाशकांना जमले, तर आम्हाला का जमू नये? पुढच्या वेळी मुलांना हमजांची दास्तान सांगताना आम्ही त्या जादूगारालाही त्याचे म्हणणे मांडू देऊ. एवढी सुरुवात तरी आमच्या हातात आहे.