बकावलीने कबूल कधी म्हटले?

परीकथेचा शेवट गोड व्हावा, अशी वाचकाची अपेक्षा असते. शहजादा-शहजादीचा निकाह झाला, शहरात रोषणाई झाली, गोरगरिबांना खैरात वाटली गेली, की पुस्तक मिटायला हरकत नसते. तरीही काही दास्ताने अशी आहेत, की शेवट गोड असूनही वाचणाऱ्यांत दोन तट पडतात. एकाला वाटते, झाले ते योग्यच झाले. दुसऱ्याला वाटते, तिच्यावर जुलूम झाला. दोघांनी एकच पुस्तक वाचलेले असते. आम्हाला तर असे वाटू लागले आहे, की हा वाद शेवटाबद्दल नसतोच. तो नायिकेबद्दल असतो. लेखकाने एकाच नावाखाली दोन निराळ्या बायका उभ्या केलेल्या असतात आणि प्रत्येक वाचक त्यातली आपली एक निवडून घेतो.

गुलबकावलीची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी कुणाच्या तरी तोंडून ऐकली असेल. इज्जतुल्लाह बंगालींनी अठराव्या शतकात ती फारसीत लिहिली. १८०३ मध्ये फोर्ट विल्यम कॉलेजसाठी निहालचंद लाहोरींनी 'मजहब-ए-इश्क' या नावाने तिला उर्दू गद्यात आणले आणि १८३८-३९ च्या सुमारास लखनौच्या पंडित दयाशंकर 'नसीम' यांनी तिची 'गुलजार-ए-नसीम' ही मसनवी केली. १९२४ मध्ये मुंबईच्या कोहिनूर कंपनीने तिच्यावर मूकपट काढला, त्यात जुबेदा होती. एवढ्या जणांनी ही गोष्ट सांगितली, म्हणजे लोकांना ती आवडत होती यात शंका नाही.

आता तिच्यातली बकावली पाहा. बादशहाची दृष्टी गेली आहे आणि बकावलीच्या बागेतल्या फुलानेच ती परत येणार आहे. शहजादा ताजुलमुलूक भुयारातून बागेत शिरतो, हौदातले फूल खुडतो, झोपलेल्या बकावलीच्या बोटातली अंगठी काढून घेतो आणि स्वतःची अंगठी तिथे ठेवून निघून जातो. जागी झाल्यावर ही परी रडत बसत नाही. आपल्या घरात कोण शिरले, आपल्या अंगाला कोणी हात लावला, याचा छडा लावायला ती पुरुषाचा वेश घेऊन एकटी बाहेर पडते, चोराच्या बापाच्या दरबारी पोहोचते आणि तिथे वजीर होऊन बसते! चोर सापडल्यावर त्याच्यावर ती आशिक होते हे खरे, पण तेही आपणहून. पत्र ती लिहिते, बोलावणे ती पाठवते. आईने कैदेत टाकले तरी ती माघार घेत नाही. लग्नानंतर राजा इंदरच्या सभेत नाचून झाल्यावर वर मागायची वेळ येते, तेव्हा भर सभेत ती माणसाला, आपल्या नवऱ्यालाच मागते. इंदर संतापतो आणि तिचे कमरेखालचे अंग दगडाचे होते.

इथपर्यंत बकावली एकच आहे. यापुढे नाही.

सिंगलदीपच्या देवळात ती अर्धी दगड होऊन पडलेली असताना तिथल्या राजाची मुलगी चित्रावत ताजुलमुलूकवर भाळते आणि त्या दोघांचे लग्न होते. रात्री तो बकावलीकडे जातो, दिवसा चित्रावतच्या महालात असतो. बकावलीचे कमरेखालचे अंगच दगडाचे झाले आहे, जीभ शाबूत आहे. पण अंगठीची चोरी सहन न करणारी, जाब विचारायला मुलूख ओलांडणारी ती बाई इथे जाब विचारताना दिसत नाही. गंमत अशी, की जो राग तिला यायला हवा तो लेखकाने चित्रावतला देऊन टाकला आहे. नवरा रात्री कुठे जातो याचा तपास चित्रावत करते आणि देऊळ पाडून टाकते. त्या जागी मोहरी उगवते, ती खाऊन एका शेतकऱ्याच्या बायकोला दिवस जातात आणि बकावली पुन्हा जन्माला येते. मोठी झाल्यावर पुन्हा त्याच शहजाद्याच्या हवाली होते. शेवटी सगळे गुलशन-ए-निगारीं या महालात परततात. तिथे दिलबर आणि महमूदा या त्याच्या आधीच्या दोघी आहेतच.

हा शेवट ज्यांना मान्य आहे, ते दुसऱ्या बकावलीला खरी मानतात. त्यांच्या मते इश्काने तिला वितळवले, पहिला तोरा म्हणजे कच्चेपणा आणि सब्र म्हणजे पिकलेपण. ज्यांना मान्य नाही, ते पहिल्या बकावलीला सोडायला तयार नसतात. त्यांना दुसरी म्हणजे पहिलीची लाश वाटते. दोन्ही बाजू आपापल्या परीने प्रामाणिक आहेत. पण त्यांचे पुरावे गोष्टीतून आलेले नाहीत, कारण गोष्टीने कारण दिलेलेच नाही. ती जागा रिकामी आहे आणि बाई कशी असावी याविषयी ज्याचे जे मत असेल, ते तो तिथे भरतो.

जागा रिकामी का राहिली, याची कारणेही दिसतात. ही गोष्ट दोन कापडांची आहे. बकावलीची बाग, देव, तिलिस्म हा अजमी दास्तानाचा माल. इंदरसभा, शाप, पुनर्जन्म हा इथला. अजमी परी मर्जीची मालकीण असते, शापित अप्सरेचे काम वाट पाहण्याचे. शिवण नेमकी बकावलीच्या अंगावर आली आहे. त्यात नसीमचा संक्षेप. उस्ताद आतिश यांच्या सांगण्यावरून त्यांनी मसनवी खूप छाटली, असे सांगितले जाते. शब्दांच्या खेळाला त्यामुळे बहार आली, पण मनाच्या हालचालींना जागा उरली नाही. १९०५ मध्ये या मसनवीवरून चकबस्त आणि शरर यांच्यात मोठा वाद झाला. तो गाजला भाषेवरून आणि मुहावऱ्यांवरून. बकावलीच्या बाजूने कोणी वकीलपत्र घेतल्याचे आमच्या तरी वाचनात नाही.

याच्या शेजारी मीर हसन यांची 'सेहरुल बयान' ठेवून पाहावी. ही मसनवी १७८५ च्या सुमाराची, म्हणजे नसीमच्या आधीची. शहजादा बेनजीरला माहरुख परी पळवून नेते. तिने दिलेल्या कळीच्या घोड्यावर बसून तो फिरायला निघतो आणि बद्रेमुनीरच्या बागेत उतरतो. दोघांचे प्रेम जमते. पुढे त्याच्याकडून परीची हकिकत कळते, तेव्हा बद्रेमुनीर साफ सांगते की असली भागीदारी मला चालणार नाही. शब्द तिने 'शिरकत' असा वापरला आहे. बद्रेमुनीर काही शूर नाही. बेनजीर विहिरीत कैद झाल्यावर ती झुरण्यापलीकडे फारसे काही करत नाही. पण तिचा तो एक शब्द मीर हसन विसरले नाहीत. शेवटी बेनजीर तिला मिळतो तो एकटीला. माहरुख बाहेर राहते. म्हणून या शेवटाबद्दल कुरबूर झालेली आम्ही ऐकली नाही.

नायिका बदलूच नये, असे आमचे म्हणणे नाही. याच मसनवीत वजीरजादी नज्मुन्निसा आहे. आधी ती थट्टामस्करी करणारी सखी असते. मैत्रिणीची दशा पाहवत नाही तेव्हा अंगाला राख फासून, बीन घेऊन, जोगन होऊन ती रानात निघते. हा बदल लहान नाही, पण का झाला हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेले असते. जिन्नांच्या बादशहाचा मुलगा फिरोजशाह तिच्यावर लुब्ध होतो, ती त्याच्याकडून बेनजीरची सुटका करवते आणि मग त्याच्याशी लग्न करते. हे लग्न प्रेमाचे की केलेल्या कामाचा मोबदला, असा प्रश्न कोणी विचारला तर आम्हीही थोडे अडखळू. तरी सौदा तिने स्वतः केला आहे, एवढे नक्की.

आणि नायकाचे काय? ताजुलमुलूक दिलबरला शब्द देतो, महमूदाशी लग्न करतो, बकावलीसाठी रानोमाळ हिंडतो, चित्रावतच्या महालात राहतो. त्याला कोणी विसंगत म्हणत नाही. त्याचे नशीब बलवत्तर, एवढेच म्हणतात. त्याने दहा वेळा मन बदलले तरी त्याचा शेवट त्याचाच राहतो. नायिकेचे मन लेखकाने एकदा बदलले, की शेवटात उभी असलेली बाई कोण, हेच कळेनासे होते.

आमच्याकडे निकाहात वकील आणि दोन गवाह मुलीकडे जातात, तिची मर्जी विचारतात. ती हो म्हणाली तरच पुढचे. या रिवाजामागे एक साधी अट गृहीत आहे. ज्या मुलीला विचारले तीच उत्तर देते आहे, तिच्या जागी दुसरे कोणी नाही, आणि ती बोलण्याच्या स्थितीत आहे. परीकथेचा शेवटही जवळजवळ असाच करार असतो आणि वाचक त्याचा गवाह. आता बकावलीचे 'कबूल' आम्ही कोणाकडून ऐकायचे? वजीर होऊन बसलेलीकडून, देवळातल्या दगडाकडून, की शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या पोरीकडून? पहिलीने दिले होते, पण ज्या घरासाठी दिले त्यात चित्रावत नव्हती. गवाही द्यायची तर कशाची द्यायची?

नववीच्या मुलींना ही गोष्ट सांगताना आम्ही पूर्वी शेवटापर्यंत जात असू. 'सर्व सुखी झाले' म्हटले की वर्ग शांत बसायचा. ती शांतता आम्हाला आवडेनाशी झाली. यातल्या काहींची सोयरीक बारावीच्या आत ठरते आणि घरात त्यांना विचारतात तेव्हा त्या अशाच शांत बसत असतील, असे वाटते. त्या शांततेला होकार समजण्याचीही आपल्याकडे रीत आहे. आता आम्ही चित्रावतच्या लग्नापाशी थांबतो आणि पुढचे त्यांना वहीत लिहायला सांगतो. बऱ्याच जणी शहजाद्याला माफ करतात, मात्र आधी बकावली त्याला चार शब्द सुनावते. काही जणी तिला पुन्हा वजिराचा पोशाख देतात. गेल्या वर्षी एकीने देऊळ पाडायला आलेल्या चित्रावतला दारातच बसवले आणि दोघींचे बोलणे लिहिले, पान भरून. त्यात शहजाद्याचे नाव दोनदाच आले होते.