आधी विचारपूस, मग बोध



बेथेस्दा तळ्याकाठी अडतीस वर्षांचा दुखणाईत पडला होता. प्रभूने त्यास दटाविले नाही. बरे होण्याची त्याची इच्छा आहे की नाही, हे प्रथम विचारिले, मग बरे केले. पापाविषयीचा बोध मागाहून, मंदिरात भेट झाल्यावर केला. हा क्रम आम्ही ध्यानात ठेविला पाहिजे.

आमच्या खेड्यांतील पुष्कळ तरुण चाकण, भोसरी व पिंपरीच्या कारखान्यांत कामास जातात. त्याच चाकण परिसरात 2020 च्या ऑक्टोबरात पोलिसांनी सुमारे 20 किलो मेफेड्रोन पकडले. 'एमडी' म्हणतात ते हेच. कोकेनप्रमाणे तेही घटकाभर खोटा हुरूप देते व मनुष्यास आतून पोखरिते. असा मुलगा घरी परतला म्हणजे आई झाकून ठेविते, शेजारी कुजबुजतात, आणि मंडळी प्रार्थनेतही त्याचे नाव घेत नाही.

डॉक्टर मात्र विचारपुशीने आरंभ करितात. कोणता पदार्थ, किती, केव्हापासून, नाकाने की सुईने? सोबत दारू आहे काय? झोप, कर्ज, घर यांची अवस्था कशी? जीव देण्याचा विचार मनात येतो काय? कोकेनची ओढ घालविणारे खात्रीचे औषध अद्याप नाही. म्हणून समुपदेशन, नेमाचा दिनक्रम, घरच्यांची साथ व दीर्घकाळ देखरेख यांवरच उपचाराची भिस्त असते. व्यसन सोडिल्यावर पहिल्या दिवसांत मन फार खिन्न होते; तेव्हा त्यास एकटे सोडू नये. नशेत छातीत दुखू लागल्यास तत्काळ इस्पितळात न्यावे.

पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी 1986 साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गटही आहे. 14446 या सरकारी दूरध्वनीवर मोफत सल्ला मिळतो. पोलिसांच्या भयाने कोणी मागे राहू नये. स्वखुशीने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी मनुष्यास, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यापुरते, 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात संरक्षण ठेविले आहे.

उपदेशक बंधूंनो, प्रार्थना अवश्य करा, पण तिच्या नावाने उपचार टाळू नका. मुलाबरोबर स्वतः जा. तो पुन्हा घसरला तर पुन्हा जा. अडतीस वर्षांच्या दुखण्यास जो प्रभू कंटाळला नाही, तो आम्हांसही न कंटाळणारी प्रीती देवो. आमेन.