परियटकाठच्या मनूस

नागपूर

चि. सौ. मनू,

तुझं पत्र पोचलं. गावच्या पाणी समितीवर तुला घेतलं आणि पाणी तपासायला निवडलेल्या पाच जणींत तुझंही नाव आहे, हे वाचून फार बरं वाटलं. पण शेवटी तू विचारलं आहेस की, परियट नदीत रोज इतक्या म्हशींचं शेण येऊन पडतं, तिथं आम्ही पाच बायका काचेच्या नळ्या घेऊन काय करणार? हा प्रश्न निराशेतून आलेला असला तरी रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी नदीचं बघू. परियटच्या धरणातलं पाणी जबलपूर शहर पितं, आणि धरणाच्या खालच्या अंगाला तीच नदी डेअऱ्यांची घाण वाहून नेते. एक मोठं जनावर दिवसाला पंधरा-वीस किलो शेण आणि जवळपास तेवढेच लिटर मूत्र टाकतं. म्हणजे शंभर म्हशींच्या एका गोठ्यातून रोज दीड-दोन टन शेण निघतं. गोठा पाण्यानं धुतला की हे सगळं नालीतून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जातं. शेण कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं, मग मासे मरतात आणि पाण्याला वास सुटतो. घाना गावाकडच्या याच नदीच्या डोहांत मगरी राहतात, हे तुमच्या पनागरच्या पोरांनाही ठाऊक असेल. पुढे परियट हिरनला मिळते आणि हिरन नर्मदेला. आपल्याकडून दरवर्षी कितीतरी माणसं परिक्रमेला जातात, ‘नर्मदे हर’ म्हणत तेच पाणी ओंजळीनं पितात. तुमच्या गावची नाली त्या ओंजळीपर्यंत पोचते, हे समितीच्या पहिल्या बैठकीत आवर्जून सांग.

यावर कुणी काही केलं नाही असं समजू नकोस. जबलपूरच्या नागरिक उपभोक्ता मार्गदर्शक मंचाचे डॉ. पी. जी. नाजपांडे या डेअऱ्यांचा प्रश्न घेऊन उच्च न्यायालयात आणि हरित लवादाकडे पुन्हा पुन्हा गेले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानंही 2020 साली डेअऱ्या आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. मला त्या चिकाटीबद्दल मनापासून आदर आहे. पण आदेश निघाला तरी एरवीच्या दिवशी सकाळी नाली बघायला न्यायालय येत नाही, ती गावातल्याच कुणीतरी बघावी लागते. तुम्हा पाच जणींचं काम नेमकं तिथं सुरू होतं.

सुरुवात मात्र नदीपासून करू नका. गाव जे पाणी पितं तिथून करा. प्रत्येक हातपंप, विहीर आणि नळाची टाकी पायी फिरून बघा. ओटा फुटलाय का? सांडपाणी वाहून जातं की तिथंच साचतं? उकिरडा किंवा शौचालयाचा खड्डा किती पावलांवर आहे? टाकीचं झाकण बसतं का? महाराष्ट्रात पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर ग्रामपंचायतींची अशी पाहणी होते आणि जोखीम बघून लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. नोकरीत असताना मी बघितलंय, लाल कार्ड लागलं की गावाला ते झोंबतं. वर्षानुवर्षं जे ओटे फुटके होते ते महिनाभरात सिमेंटचे होतात. तुमच्याकडे कार्ड नसलं तरी शाळेच्या भिंतीवर तीन रंगांचा तक्ता लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

फिरताना सगळ्यात आधी गावाबाहेरच्या टोल्यावर जा. मजुरांच्या, दलित-आदिवासींच्या वस्तीतला हातपंप सगळ्यात शेवटी दुरुस्त होतो आणि सगळ्यात शेवटी तपासला जातो. तुझ्या वहीत पहिलं पान त्याचं असू दे.

आता चाचणी. जंतू आहेत का ते दाखवणारी छोटी बाटली तुम्हाला मिळेल. हात साबणानं धू, पंप थोडा वेळ हापसून आधीचं पाणी जाऊ दे, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नकोस, खुणेपर्यंत पाणी भर आणि बाटली उबेला ठेव. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर त्यात विष्ठेचे जंतू असण्याची दाट शक्यता आहे. दिसायला ते पाणी आरशासारखं स्वच्छ असतं, म्हणून लोकांचा विश्वास बसत नाही. तेव्हा काळी बाटली घरात ठेवू नकोस, ज्या पंपाची आहे तिथल्या बायकांना दाखव. दहा भाषणांनी होत नाही ते काम ती बाटली करते. जंतू निघाले तर विहिरीत, टाकीत ब्लीचिंग पावडर टाकायची, आमच्याकडे हजार लिटरला पाच ग्रॅम धरतात. मग अर्ध्या-एक तासानं, तेही शेवटच्या घरच्या नळाला, क्लोरीन तपासायचं. तिथं लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम उरलं पाहिजे. पावडरची पिशवी उघडी राहिली की तिची ताकद जाते, पावसाळ्यात तर फारच लवकर. पुष्कळ गावांत पावडर पडते आणि गुण येत नाही तो यामुळे.

नायट्रेटची गोष्ट वेगळी आहे, ती लक्षात ठेव. शेणमूत्र जमिनीत मुरलं किंवा शेतात युरिया जास्त पडला की ते भूजलात उतरतं. त्याला रंग, वास, चव काही नाही. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. लिटरला 45 मिलिग्रॅम ही आपल्या मानकाची मर्यादा आहे. त्याच्या वरचं पाणी बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला दुधात घालून दिलं तर रक्ताची प्राणवायू नेण्याची शक्ती घटते आणि बाळ निळं पडू शकतं. गोठ्यांच्या जवळच्या आणि मटार-गव्हाच्या शेतांतल्या विहिरी याच्यासाठी मुद्दाम तपासा. आकडा जास्त आला तर पीएचईच्या, म्हणजे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी विभागाच्या, प्रयोगशाळेत नमुना पाठवून खात्री करून घ्या. तोवर लहान मुलांच्या घरांना दुसऱ्या पंपाचं पाणी सांगा. शिंगाड्याचे तलाव जवळ असतील तर फवारणी कधी होते तेही विचारून ठेवा. कीटकनाशक तुमच्या तपासणीच्या पेटीनं कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

हे सगळं शहराजवळच्या गावांत जास्त निकडीचं असतं, तुमचा पनागरचा भाग तसाच आहे. 2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडे, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण एकामागून एक निघाले आणि संशय पाण्यावर गेला. ही गावं शहरात आली होती, पण त्यांच्या पाण्याची व्यवस्था शहराची झाली नव्हती. माणसं लुळी पडून अतिदक्षता विभागात गेली तेव्हा नमुने तपासायची धांदल उडाली. ती तपासणी आधी व्हायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

डेअरीवाल्यांशी भांडण काढू नकोस, पण गप्पही बसू नकोस. त्यांचा पोटाचा धंदा आहे आणि दूध तुम्हीही घेता. त्यांना बैठकीला बोलवा. शेण नालीत सोडणं म्हणजे खत आणि गॅस दोन्ही वाहून देणं आहे, हे हिशेब मांडून दाखवा. कोल्हापूर जिल्ह्यात कितीतरी घरांत गोबरगॅसवर स्वयंपाक होतो आणि त्याची मळी उसाला जाते, तुमच्या मटाराला का जाऊ नये? शेण उचलून शेतापर्यंत नेण्याचा खर्च हीच खरी अडचण आहे. ती पंचायतीनं ट्रॉली देऊन सोडवता येते का ते बघा. जो तरीही ऐकणार नाही त्याच्या नालीचा दिनांकासह फोटो काढा आणि लेखी तक्रार द्या.

म्हणूनच वही ठेव. तारीख, वेळ, कोणता पंप, काय निघालं, कुणी तपासलं आणि पाचही जणींच्या सह्या. दर महिन्याला तिची प्रत सरपंचांना आणि पीएचईला दे आणि पोच घेतल्याशिवाय उठू नकोस. तोंडी तक्रार विसरली जाते, पोच असलेल्या कागदाला उत्तर द्यावं लागतं. उद्या पुन्हा कुणी लवादाकडे गेलं तर तुमच्या वहीतली दोन वर्षांची पानं त्यांच्या फार कामाला येतील.

तुमच्याकडे 15 ऑगस्टला ग्रामसभा असते. तेव्हा पावसाळा भरात असेल, हगवणीचे दिवस असतील. त्याआधी एकूण एक पंप तपासून तो तीन रंगांचा तक्ता सभेत वाच. ‘पाणी’ हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर पहिला घ्यायला सरपंचांना आत्ताच लेखी कळव.

घरी सगळ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पहिल्या तपासणीचा निकाल आला की मला पाठव, चांगला असो की वाईट.

तुझी,
मावशी